नारळ बाहेर येईपर्यंत

न्युरेम्बर्गच्या उत्तरेला, फ्रँकोनियाच्या टेकड्यांमधून एक लहान नदी वाहते. तिच्यावर जुन्या पिठाच्या गिरणीपाशी एक बंधारा आहे. उंची माणसाच्या कमरेएवढी. पाणी त्यावरून काचेसारखं एकसलग उतरतं, खाली पांढरं होतं आणि पुढे वाहत जातं, असं काठावरून दिसतं. प्रत्यक्षात ते सगळं पुढे जात नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी एक आडवा भोवरा असतो. वरचं पाणी उलटं, बंधाऱ्याकडे ओढलं जातं, तळाशी जातं, थोडं पुढे जाऊन वर येतं आणि पुन्हा मागे फिरतं. त्यात सापडलेली वस्तू आपणहून बाहेर येईलच असं नाही.

अनंत रेडकर या भोवऱ्याला ‘जातं’ म्हणत. “जात्यावर बायका गातात,” ते सांगायचे. “हे स्वतःच गातं आणि स्वतःच दळतं.”

एप्रिलअखेरच्या एका शनिवारी या नदीवर ट्राउटच्या मासेमारीचा हंगाम उघडतो. स्थानिक क्लब त्या दिवसाला आनफिशन म्हणतो. हिवाळाभर गळ टाकायला बंदी असते, आणि त्याआधीच्या आठवड्यात टाक्या लावलेल्या ट्रकमधून आणलेले ट्राउट नदीत सोडलेले असतात. त्यामुळे त्या सकाळी काठावर जत्रा भरते. न्युरेम्बर्ग, फ्युर्थ, एर्लांगेनहून गाड्या येतात. घडीच्या खुर्च्या, हातजाळी, छातीपर्यंतच्या रबरी विजारी, सॉसेज भाजायची शेगडी, बिअरची पिंपं. “पेट्री हाइल” म्हणत लोक एकमेकांना शुभेच्छा देतात. क्रमांक घातलेल्या लाकडी चकत्या टोपीतून काढायच्या आणि ज्या खुंटावर आपला क्रमांक असेल तिथे उभं राहायचं, असा रिवाज आहे. खुंट इतके जवळ की शेजाऱ्याचं कोपर लागतं. सगळ्यांना हवा असतो तो बंधाऱ्याखालच्या कुंडाचा क्रमांक. फेसाळ पाण्यात हवा जास्त असते, म्हणून मासा तिथे गोळा होतो आणि मासेमार मांडीएवढ्या पाण्यात उतरून दाटीनं उभे राहतात. वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी नदीतल्या सगळ्यांत वाईट जागी होते.

या गर्दीत मासे पकडायला न आलेले एकटे रेडकरच असत. ते क्लबचे गेवेसरवार्ट होते, म्हणजे पाण्यावर देखरेख ठेवणारे. बुटके, खांदे रुंद, अंगात करडा स्वेटर, गळ्यात नारिंगी शिट्टी, खांद्यावर दोराचं वेटोळं. त्यांचं गाव देवगडजवळ, समुद्राला लागून. तरुणपणी शिकायला जर्मनीत आले, न्युरेम्बर्गच्या एका मोठ्या कारखान्यात पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनची चाचणी घेण्याचं काम करत निवृत्त झाले. पत्नी उर्सुला शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या वडिलांमुळे रेडकर या क्लबात आले. मुलगी नीना. इतकी माहिती पुरे.

त्यांना ओळखणारे लोक पहिल्यांदा एक गोष्ट सांगतात, ती अशी की रेडकरांची पाठ पाण्याकडे झालेली कोणी पाहिलेली नव्हती. नदीकाठी फोटो काढायचा असला की बाकीचे नदी मागे घेऊन उभे राहत आणि रेडकर बाजूला, आडवे. तळ्याकाठच्या हॉटेलात जागा बदलून घेत. हॅम्बर्गच्या बंदरातल्या फेरीत एकदा आम्ही काही मराठी मंडळी एकत्र होतो. सगळे जहाजं बघत होते, रेडकर जीवरक्षक जॅकेटांच्या पेटीवरची सूचना वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कर्मचाऱ्याला विचारलं की पेटीचं झाकण शेवटचं कधी उघडून बघितलं होतं. रेडकरांनी स्वतः उघडून बघितलं.

पोहता येत नाही म्हणून घाबरतात, असा बऱ्याच जणांचा समज होता. ते उत्तम पोहत. दर बुधवारी तरण तलावावर जात आणि खोल टोकाला पोहत. “पोहता येणारेच बुडतात,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “न येणारे काठावर असतात.”

माझी त्यांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. विसर्जन शहराबाहेरच्या तळ्यात, परवानगी काढून, वीतभर शाडूच्या मूर्तीचं. पाणी गुडघ्याइतकं. रेडकरांनी मूर्ती नेणाऱ्या मुलांना फुगवायची जॅकेटं घालायला लावली होती आणि स्वतः दोर घेऊन उभे होते. आयटीतला एक तरुण म्हणाला, “काका, बाप्पालाही एक जॅकेट घालू का?”

“त्याला पोहता येतं,” रेडकर म्हणाले. “तुला येतं का?”

तरुणाला येत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानं कोणी न सांगता आपल्या मुलीला जॅकेट घातलं. तो म्हणाला, रेडकरकाका समोर असले की पाणी आहे त्यापेक्षा खोल वाटतं.

घरातही वेगळं नव्हतं. उर्सुलावहिनी टबात आंघोळीला गेल्या की रेडकर दारावर टकटक करून विचारत, “ठीक आहे ना?” थोड्या वेळानं पुन्हा. लग्न झाल्यापासून हे चाललं होतं. “माझा नवरा समुद्राकाठी वाढला आणि बाथटबला घाबरतो,” असं त्या चारचौघांत सांगत. सासूबाईंनी त्यांना शिकवलं होतं की नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही. वहिनींनी ते मनावर घेतलं. क्लबातल्या लोकांची सुरुवातीला अशी समजूत होती की त्यांचं नाव ‘अहो’ आहे.

नंतर क्लबानं त्यांना स्वतःचं नाव दिलं, कोकोस. म्हणजे नारळ.

हे नाव कसं पडलं ते क्लबचे अध्यक्ष ब्रुनर यांनी मला सांगितलं. ब्रुनर हे लालबुंद चेहऱ्याचे, मोठ्या आवाजाचे, माजी गवंडी ठेकेदार. रेडकर पहिल्यांदा आनफिशनला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत आशियाई दुकानातून घेतलेला एक शेंडीचा नारळ होता. चकत्या वाटल्या जात असताना ते बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गेले, नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि पाण्यात सोडला. लोकांना वाटलं, भारतीय पूजा आहे. कोणी टाळ्या वाजवल्या. नारळ बंधाऱ्यावरून खाली गेला, फेसात बुडाला, थोड्या वेळानं पुढे वर आला आणि वाहून गेला. रेडकरांनी खाली वळणावर जाऊन तो जाळीनं काढून घेतला. ब्रुनरनी विचारलं, ही प्रार्थना होती का. रेडकर म्हणाले, “प्रार्थना आणि चाचणी. नारळ माणसाच्या डोक्याएवढा असतो आणि तसाच अर्धा बुडून तरंगतो. तो जिथे अडकेल तिथे माणूस अडकेल.”

ब्रुनर सांगतात, त्या वेळी ते हसले होते, पण त्या वर्षी कुंडात उभं असताना त्यांनी पहिल्यांदा पायाखाली चाचपून पाहिलं.

त्यानंतर काही वर्षांनी नारळ बाहेर आला नाही. बर्फ उशिरा वितळलं होतं आणि नदी भरलेली होती. नारळ बंधाऱ्याच्या पायथ्याशी गेला, वर आला, मागे ओढला गेला, दिसेनासा झाला, पुन्हा वर आला. रेडकरांनी कुंड बंद करा म्हटलं. लोकांनी कुरकुर केली, पण ज्येष्ठ सभासदाचा जावई म्हणून त्यांचं ऐकलं. दुपारी मासे आणायचं एक निळं प्लास्टिकचं पिंप ट्रकवरून घरंगळून बंधाऱ्यावरून खाली गेलं. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरत राहिलं. लोक गळ सोडून बघत उभे राहिले. पिंप वर येताना एका बाजूनं वर येई आणि जाताना दुसऱ्या बाजूनं जाई. बुडणाऱ्या माणसाचा हात वर आल्यासारखा भास होई, असं ब्रुनर म्हणाले. संध्याकाळी ते बाहेर आलं तेव्हा एका जागी फाटलेलं होतं.

तेव्हापासून नियम झाला. लेखी नाही, पण पक्का. बंधाऱ्यावरून नारळ सोडायचा, तो बाहेर येईपर्यंत कुंडाला दोर बांधलेला राहायचा. बाहेर आला नाही तर कुंडाचे खुंट त्या वर्षी रिकामे. रेडकरांना देखरेखीचं पद मिळालं. आनफिशनच्या सकाळी लोक “पेट्री हाइल” म्हणायच्या आधी विचारू लागले, “कोकोस आला का?”

नारळ पकडायचं काम नीनाकडे आलं. ती लहान असताना वळणावरच्या पाइनच्या झाडांपलीकडे, उथळ जागी, जाळी घेऊन उभी राहायची. नारळ आला की जाळी उंच करून दाखवायची. वरून तिची जाळी रेडकरांनाच दिसे, बाकीच्यांना झाडं आड येत. नीनाला मराठी समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. बापलेकीचं बोलणं कायम असं दोन भाषांतून चाले, आणि दोघांनाही त्यात काही खटकत नसे.

बाहेर आलेल्या नारळाचं रेडकर काय करतात, हे लोकांनी बरीच वर्षं विचारलं नाही. ते तो पिशवीत घालून घरी नेत आणि बागेत पुरत. एका वर्षी ब्रुनरनी गमतीनं तो नीनाच्या जाळीतून घेतला, दगडावर फोडला आणि तुकडे वाटले. बिअरबरोबर लोकांनी ते खाल्ले. नीना तेव्हा शाळेत होती. तिनं तुकडा तोंडाकडे नेला आणि रेडकरांनी तिच्या हातावर फटका मारून तो पाडला. फटका मोठा नव्हता. पण ज्या माणसानं कधी आवाज चढवला नव्हता, त्यानं हात उगारलेला सगळ्यांनी पाहिला. ब्रुनरनी माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही.

याचा खुलासा मला पुष्कळ नंतर, रेडकरांच्या स्वयंपाकघरात मिळाला. ते ट्राउटचं तिरफळ घालून कालवण करत होते. नदीचा मासा आळणी असतो, त्याला तिरफळाशिवाय गती नाही, असं त्यांचं मत होतं. नारळ खवता खवता त्यांनी विषय काढला.

त्यांच्या गावी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या बाहेर पडतात. दिलेल्या नारळांतले काही दुसऱ्या दिवशी लाटांबरोबर किनाऱ्याला परत येतात. गावातली पोरं ते गोळा करून खायची. रेडकरांच्या आईनं आपल्या मुलांना कधी खाऊ दिले नाहीत. तिचं म्हणणं होतं की परत आलेला नारळ हा समुद्रानं नको म्हटलेला नारळ असतो.

“नको म्हटलं तर काय?” मी विचारलं.

“म्हणजे त्याला दुसरं काहीतरी हवंय.”

तसं कधी काही झालं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, “दरवर्षी काही ना काही होतंच की. समुद्र आहे तो.”

मग त्यांनी स्वतःच हिशेब मांडला, एखाद्या यंत्राचा दोष सांगावा तसा. बंधाऱ्यावर नारळ बाहेर आला की त्यांच्यातला इंजिनियर म्हणतो, कुंड सुरक्षित आहे. त्याच क्षणी आई म्हणते, नदीनं नारळ नाकारला, ती आता माणूस मागणार. नारळ आत राहिला की इंजिनियर म्हणतो, धोका. आई म्हणते, घेतला, आता निश्चिंत राहा.

“आल्झो, म्हणजे मला सुटका कशानंच नाही,” ते म्हणाले. “पण उघडायचं की नाही ते इंजिनियरला विचारून. आईनं ही नदी पाहिलेली नाही.”

म्हणजे ज्या वर्षी सगळे खुशीत कुंडात उतरत, त्या वर्षी दिवसभर या माणसाला धास्ती असे. आधी वाटायचं की ते कर्तव्यदक्ष आहेत. आता कळलं की ते माणसं पाण्यातून बाहेर येण्याची वाट बघत असतात. शेवटचा मासेमार काठावर चढला की रेडकर पहिला घास खात.

त्यांच्यातल्या इंजिनियरनं बरीच वर्षं टिकाव धरला. गेल्या वर्षी तो हरला.

त्या सकाळी मी वळणावर नीनाच्या शेजारी उभा होतो. ती आता पर्यावरण खात्यात नोकरी करते, नद्यांच्या पातळ्या मोजणं हे तिचं कामच आहे, पण त्या दिवशी ती जाळी घेऊन जुन्या जागी असते. नदी शांत होती. वरून शिट्टी झाली, म्हणजे नारळ सोडला. लगेचच तो वळणावर आला, तरंगत, कुठे न अडखळता. नीनानं तो जाळीत घेतला आणि जाळी उंच धरली. रेडकरांनी जाळीकडे नीट पाहिलं. झाडांच्या फटीतून त्यांचा चेहरा दिसत होता. मग त्यांनी कर्णा तोंडाला लावला आणि जाहीर केलं की नारळ बाहेर आलेला नाही, कुंड बंद राहील.

चकत्या काढण्याच्या गडबडीत नारळ निसटलेला कोणी पाहिला नसावा, पण लोकांचा ओरडा आमच्यापर्यंत ऐकू आला. नीना जाळी धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं जाळी खाली घेतली, नारळ जॅकेटात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी घातला.

“आजी जिंकली,” ती जर्मनमध्ये म्हणाली.

तिनं कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. पण क्लबात बोलणं सुरू झालं की कोकोस म्हातारा झाला, सावलीला भितो, पाणी एवढं संथ असताना कुंड बंद ठेवतो. ब्रुनरनी हळुवारपणे सुचवलं की आता देखरेख नीनानं घ्यावी. रेडकरांनी ते इतक्या सहज मान्य केलं की ब्रुनरना जास्तच वाईट वाटलं.

त्या हिवाळ्यात उर्सुलावहिनींचा फोन आला. त्यांनी विचारलं, ओहोटी म्हणजे काय. मी सांगितलं, समुद्राचं पाणी मागे हटतं ते. त्या म्हणाल्या, माझा नवरा हल्ली सकाळी खिडकीपाशी उभा राहून विचारतो, ओहोटी कधी आहे. आमच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. बुधवारचं पोहणंही बंद झालं होतं. आणि आणखी एक गोष्ट, त्या म्हणाल्या. आता मी आंघोळीला गेले की तो दार वाजवत नाही. हे त्यांनी तक्रार करावी तसं सांगितलं.

यंदाच्या आनफिशनला गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. गेल्या वर्षी कुंड बंद राहिल्यामुळे त्यात मासे न पकडलेले, मोठे झालेले असतील, असा लोकांचा तर्क होता. ज्यांना कुंडाचे क्रमांक मिळाले ते दोराला टेकून उभे होते, रबरी विजारी चढवून, कमरेचे पट्टे बांधून. हे पट्टे रेडकरांनी सक्तीचे केले होते. विजारीत पाणी शिरलं तर माणूस पोत्यासारखा जातो. शिट्टी आता नीनाच्या गळ्यात होती. तिनं फोनवर नदीची पातळी बघितली. नेहमीसारखी. वळणावर जाळी घेऊन उर्सुलावहिनी गेल्या होत्या.

नारळ मात्र रेडकरांनीच सोडायचा, असं ठरलं होतं. ते स्वच्छ दाढी करून, करडा स्वेटर घालून आले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, नाव घेतलं नाही. बंधाऱ्याच्या वर जाऊन त्यांनी डोळे मिटले आणि नारळ सोडला.

तो खाली गेला. वर आला तो पुढे नाही, मागे. पांढऱ्या फेसात त्याचं तपकिरी डोकं दिसलं, बंधाऱ्याच्या भिंतीकडे ओढलं गेलं आणि नाहीसं झालं. पुन्हा दिसलं. शेंडी वर, मग खाली. वळणावरची जाळी वर आली नाही. पुन्हा एकदा डोकं आलं आणि गेलं.

रेडकरांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक बदल झाला. कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. खांदे खाली आले. इतक्या वर्षांत त्यांना नदीकाठी हसताना मी पाहिलं नव्हतं. ते हसले.

“घेतला,” ते मराठीत म्हणाले. मग जर्मनमध्ये, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “कुंड उघडा.”

जल्लोष झाला. कोकोस स्वतः उघडा म्हणतोय म्हटल्यावर शंका कोणाला येणार. ब्रुनरनी दोराची एक गाठ सोडलीदेखील. हिरव्या टोपीचा एक माणूस गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला.

नीना वडिलांकडे बघत होती, पाण्याकडे नाही. “पापा, तो बाहेर आलेला नाही,” ती जर्मनमध्ये म्हणाली.

“हो ना. घेतला समुद्रानं,” रेडकर म्हणाले. “आता कसली भीती? सोड त्यांना.”

तिनं शिट्टी फुंकली. हिरव्या टोपीचा माणूस थबकला. ती काठावर पुढे गेली आणि त्याला बाहेर यायला सांगितलं. मग दोराचं सुटलेलं टोक उचललं आणि म्हणाली, कुंड बंद.

आता ओरडा झाला तो चिडलेल्या माणसांचा. कोणी म्हणालं, बापापेक्षा मुलगी भित्री. कोणी म्हणालं, फोन बघ, पातळी नेहमीचीच आहे. ब्रुनर तिच्याजवळ गेले आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, “अगं, कोकोस स्वतः उघडा म्हणतोय.”

“आता कोकोस मी आहे,” नीना म्हणाली.

ब्रुनरनी तिच्याकडे पाहिलं, मग दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या, प्रसन्न हसणाऱ्या रेडकरांकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, नीनाच्या हातातून दोर घेतला आणि गाठ स्वतः बांधली.

काही वेळानं गिरणीचा मालक सॉसेज खायला आला. गिरणीत आता लहानसं वीज केंद्र आहे. बोलता बोलता त्यानं सांगितलं की टर्बाइनचं बेअरिंग बिघडल्यामुळे त्यानं ते आदल्या दिवशीच बंद केलंय, गिरणीकडे जाणाऱ्या कालव्याचं दार लावलंय, सगळं पाणी बंधाऱ्यावरून जातंय. पातळी मोजतात ती वरच्या पुलापाशी. तिथे काहीच फरक पडत नाही. कोणाला हे सांगायला हवं होतं, असं त्याला वाटलं नव्हतं. हिरव्या टोपीच्या माणसानं हातातली बिअर खाली ठेवली.

रेडकर असते, म्हणजे आधीचे रेडकर असते, तर त्यांनी येताक्षणीच कालव्याच्या दाराकडे पाहिलं असतं.

त्या दिवशी कोणी बुडालं नाही. बातमीच्या धंद्यात या वाक्याला किंमत नाही. न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतात. लोकांनी कुंडाखेरीजच्या जागांवर गळ टाकले, मासे धरले, शेगड्या पेटल्या, आणि दुपारपर्यंत ओरडणारेही निवळले.

मी निघालो तेव्हा रेडकर बंधाऱ्याजवळ घडीच्या खुर्चीवर बसले होते. हातात पावात घातलेलं सॉसेज होतं आणि ते चवीनं खात होते. अजून माणसं पाण्यात होती. खुर्चीचं तोंड कुरणाकडे होतं, नदीकडे पाठ. पाठीमागे, चार पावलांवर, जातं गात होतं आणि नारळ त्यात होता.

नीना आली. तिनं आपली खुर्ची त्यांच्या आणि पाण्याच्या मधे मांडली, पण बसली नाही. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. तिला मराठीत बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “इकडे तोंड करून बसा ना.”

रेडकरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पाण्याकडे नाही.

“कशाला गं?” ते म्हणाले. “तिकडे आता काही नाही.”